पुढे उतार आहे

१० जानेवारी

मी आजपासून एका उपक्रमात सामील झालो आहे, असं मला सकाळी चहाच्या वेळी कळवण्यात आलं. माझं मत कुणी विचारलं नाही. अजून अर्धा कप हवा का, एवढं मात्र विचारलं.

उपक्रम म्हणजे नदीच्या खोऱ्यातून सायकल सहली. ज्या वाटेवर एकही मोटार, ट्रक, स्कूटर आडवी येणार नाही, अशा वाटेने. आधी कालव्याच्या काठाचा कच्चा रस्ता. मग पूर्वीच्या छोट्या रेल्वेचे रूळ उचलून नेल्यावर मागे राहिलेला भराव. मग त्याच रेल्वेचा बेवारस पूल, आणि पलीकडे नदीकाठची पायवाट. शहरातल्या माणसाला शहरात पडायला सवड मिळत नाही, म्हणून त्याला इथे आणून निवांत पाडायचं, अशी एकंदर कल्पना.

भागीदार दोघी. एक ही. बँकेतून मुदतीआधी निवृत्त झाली आणि त्या दिवसापासून क्षणभरही निवृत्त दिसलेली नाही. दुसरी हिची मैत्रीण, दातांची डॉक्टर. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गप्प पडलेला असताना बोलायची तिला धंद्याने सवय लागली आहे, आणि ती सवय ती दवाखान्याबाहेरही मोडत नाही.

माझ्याकडे लेखन. पंपाच्या कारखान्यात मी आयुष्यभर पुस्तिका लिहिल्या. 'पंप सुरू करण्यापूर्वी ही पुस्तिका वाचा' हे वाक्य माझं. ते कुणीही वाचलं नाही, कारण तोवर पंप सुरू झालेला असे. आता कारखान्याने शब्दांऐवजी चित्रं छापायचं ठरवलं आहे आणि मला घरी बसवलं आहे. चित्रातल्या माणसाला नाक-डोळेही नाहीत, पण नोकरी आहे.

"पुस्तिका आणि वाटेवरच्या पाट्या तू लिही," ही म्हणाली. "आणि एकदा आमच्याबरोबर चल ना."

"मला सायकल येत नाही."

"माहीत आहे. शिकवते."

"या वयात मोडलेलं हाड सांधत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"हाडं."

सायकल न येणं ही माझी उणीव नाही, भूमिका आहे. जगात सगळ्यांनीच तोल सांभाळत बसायचं कारण नाही.

१३ जानेवारी

मार्गाची पाहणी केली. मोटारीतून.

कालव्याच्या फाटकावर चौकीदाराने अडवलं. "वाहनांना बंदी आहे साहेब."

"ती नीट पाळली जाते का, तेच बघायला आलोय," मी म्हणालो. त्याने फाटक उघडून सलाम ठोकला. बंदी पाळली जात नाही हे तिथेच सिद्ध झालं, पण मी ते टिपून घेतलं नाही.

कालवा, भराव, पूल सगळं पाहिलं. वाट सपाट, सावली भरपूर, भरावाच्या दोन्ही बाजूंना बाभळी. संध्याकाळी हिला अहवाल दिला, "संपूर्ण मार्गावर एकही मोटार दिसली नाही. माझी सोडून."

ही हसली. मग म्हणाली, "आता तीच वाट सायकलवरून बघ. वेगळी दिसते."

वाट तीच राहणार, बघणारा फक्त खरचटलेला असणार. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा 'शिकवते' आलं असतं.

२० जानेवारी

आलंच. सकाळी अंगणात हिची जुनी सायकल पुसून उभी होती, सीट खाली केलेली. शेजारी दातांची डॉक्टर.

"या भावोजी. आम्ही दोघी दोन बाजूंनी धरतो."

"मला आधी भूल द्याल?"

"भूल लागत नाही हो. पाच वर्षांची मुलं शिकतात."

"त्यांचे पडतात ते दुधाचे दात असतात. माझे शेवटचे आहेत."

डॉक्टरीण एवढं हसली की तिचे सगळे दात मोजता आले. ही हसली नाही. सायकल आत नेऊन ठेवली. सीट मात्र वर केली नाही. खालीच आहे अजून. विसरली असावी.

दुपारी पाट्यांचा मजकूर केला. 'कालव्यात उतरू नये. पाण्याला ओढ आहे व ती आपल्यापेक्षा जास्त आहे.' हिने दुसरं वाक्य खोडलं. पंपाच्या कारखान्यातही ते खोडलं असतं, पण तिथे निदान आधी समिती बसली असती.

२ फेब्रुवारी

रेल्वेच्या पुलाला टाळं. फळ्या कुजल्यात म्हणे. इतकी वर्षं कुजत होत्या तेव्हा कुणाची हरकत नव्हती. सहल ठरल्याबरोबर कुजणं बेकायदा झालं.

पहिली सहल या महिन्याच्या बावीस तारखेला. पाहुणे ठरलेत. कालव्याचा रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयातले साहेब हिला स्वच्छ बोलले, "बाई, पहिल्या सहलीत काही वेडंवाकडं झालं तर परवानगी रद्द. दुसरी संधी नाही." हिने दीड वर्ष त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात. घरी येऊन पाणीही न पिता नकाशा उघडून बसली.

दुसरी वाट सापडली. पुलाच्या अलीकडून भराव सोडायचा, शेतांमधून खाली जायचं आणि हिच्या मामांच्या गावाशी निघायचं. मामांचं गाव पलीकडच्या काठावर. मधला तुकडा कुणीच पाहिलेला नाही, कारण तिथे मोटार जात नाही.

आणि नेमकं आजच सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. हिला जावं लागणार. डॉक्टरीण दवाखान्यात अडकलेली. उरलो मी.

"तू जाऊन ये," ही बॅग भरता भरता म्हणाली. "सायकल नको तर चालत जा. सकाळी निघालास तर दुपारी पोचशील. पण स्वतः जा. फोनवर विचारू नकोस."

"मी असा माणूस वाटलो का तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेची चेन लावली.

४ फेब्रुवारी

सकाळी निघालो. टोपी, काठी, पाण्याची बाटली. भराव संपतो तिथे एक कुत्रं बसलं होतं. ते काही बोललं नाही, पण त्याचा स्वभाव चांगला नसावा असं वाटलं. शिवाय ऊन. परत आलो.

५ फेब्रुवारी

मामांना फोन लावला. यात काही गैर नाही. तिकडे राहणारा माणूस ती वाट माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. मी स्वतः जाऊन जे बघेन ते परक्याच्या नजरेने बघेन. पद्धत म्हणून फोन उजवा.

मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपल्यालाही कमी येत असणार असं धरून ते बोलतात. फोन हातभर लांब धरला.

"मामा, भरावापासून तुमच्या गावापर्यंत वाट कशी आहे?"

"सरळ! डोळे मिटून या! शेवटी उतार आहे, उतार लागला की पलीकडे आलातच!"

"उतार चांगला आहे का?"

"एक नंबर! खाली घट्ट वाळू! गुरं, बायामाणसं, पोरं सगळी तिथूनच जातात!"

"सायकलला अडचण नाही?"

"काही नाही हो! आणि यंदा उतार लवकर झालाय! नाहीतर मार्च उजाडतो!"

हे मी दोनदा विचारून घेतलं. उतार लवकर झालाय.

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कसला उतार! पावसाळ्यात उतार नसतो! आणि हे बघा, मागच्या वर्षी होता तिथे जाऊ नका, यंदा जरा खालच्या अंगाला सरकलाय!"

मामांचं वय झालं. माणूस मनाने ठणठणीत, पण त्यांच्या गावात जमीन ऋतूप्रमाणे सपाट होते आणि दरवर्षी जागा बदलते. हिला सांगायचं नाही. आईचं ऑपरेशन, त्यात मामांची ही अवस्था. कामापुरतं मी वेचून घेतलं. वाट सरळ, शेवटी उतार, जमीन घट्ट.

६ फेब्रुवारी

पाटीचा मजकूर तयार. बऱ्याच दिवसांनी एक चांगलं वाक्य जमलं:

'पुढे उतार आहे. पायडल मारणे थांबवा. वेग घ्या, पलीकडचा चढ आपोआप निघेल.'

पलीकडचा चढ मी तर्काने काढला. उतार म्हटला की पुढे चढ आलाच. पेंटर पाटी खांद्यावरून नेऊन रोवणार आहे. "गवत संपतं तिथे, उताराच्या तोंडाशी," एवढंच त्याला सांगितलं. "तो उतार माहीत आहे मला," म्हणाला. चला, मामा अगदीच भ्रमात नाहीत.

११ फेब्रुवारी

ही आली. सासूबाईंना आता सगळं स्वच्छ दिसतं, म्हणजे आमच्याकडे पुढच्या वेळी जाळी निघणार.

दारातच पहिला प्रश्न, "जाऊन आलास?"

"आलो."

"चालत?"

इथे मी 'हो' म्हणणार होतो. पण चालत गेलो म्हटलं असतं तर किती वेळ लागला, कुठे बसलो, पाय दुखले का, अशी चौकशी झाली असती. सायकलने वेळ कमी लागतो, चौकशीही कमी होईल, या हिशोबाने मी म्हणालो, "सायकलवर."

"तू?"

"तू नव्हतीस तेव्हा शिकलो. अंगणात."

ती बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग सोफ्यावर बसली. "पडलास?" तिने विचारलं.

"थोडा."

"आणि मला सांगितलं नाहीस." डोळ्यांत पाणी होतं. प्रवासात धूळ फार असते.

मग आत जाऊन तिने आईला फोन लावला, जिच्याकडून नुकतीच निघून आली होती त्या आईला. "अगं, हा सायकल शिकला. हो. एकटाच. माझ्यासाठी गं."

मार्गाची पाहणी झाली म्हणून एवढा आनंद. व्यवसाय अंगात भिनला की माणसाचं हे असं होतं.

१५ फेब्रुवारी

पिवळं हेल्मेट आलं. माझ्या डोक्याच्या मापाचं. झोपेत मोजलं असावं. उद्या सकाळी दोघांनीच कालव्याच्या रस्त्यावर जाऊ म्हणते. पाठीत उसण भरली आहे असं सांगितलं.

मग अर्धा तास पालथा पडून होतो आणि ही ठणठणीत पाठीला तेल चोळत होती. तेल चांगलं होतं. पाठीचं दुखणं गेलं, म्हणजे नव्हतंच. पण छातीत कसंतरी झालं. संध्याकाळी वांगी बाधली असणार.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरीण आली होती. "मधला तुकडा मी एकदा बघून येते," म्हणाली. "पाहुण्यांच्या पुढे मी असणार आहे, मला माहिती हवी."

"काही गरज नाही," ही म्हणाली. "हा स्वतः जाऊन आलाय. लिहिण्याच्या बाबतीत हा कसा आहे माहीत आहे ना? स्वल्पविरामावरून आठवडा काढतो."

डॉक्टरीण माझ्याकडे बघून म्हणाली, "भावोजी, मानलं तुम्हाला." मी पाठ धरून हसलो.

आता सांगावं असं एकदा वाटलं होतं. पण ही भाजी निवडत गुणगुणत होती, आणि गुणगुणणाऱ्या माणसाला मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

२२ फेब्रुवारी

सहल झाली.

पाठीमुळे मी मोटारीने हमरस्त्यावरून वळसा घालून मामांच्या गावी गेलो. पाहुण्यांचं जेवण तिथेच. मामा मला घेऊन नदीवर आले. पाणी संथ, उथळ, काठावर म्हशी. फार सुंदर दृश्य. पुस्तिकेत घालायला हवं, असं मनात आलं.

"येतीलच आता," मी म्हणालो. "मामा, तो उतार कुठे आहे?"

"हा काय!"

त्यांनी बोट केलं. बोटाच्या टोकाशी नदी होती.

"ही नदी, मामा. उतार."

"तेच सांगतोय! हा उतार! गुडघाभरसुद्धा नाही! चालत पार!"

तेवढ्यात दोन म्हशी सावकाश पाण्यात शिरून, त्याच जागेवरून, पलीकडे निघून गेल्या. मामांना जे फोनवर सांगता आलं नाही ते त्यांनी दाखवलं. समोरच्या काठावर, उंच गवत संपतं तिथे, माझ्या पाटीची मागची बाजू दिसत होती. पाटी छान सरळ रोवली होती.

मग गवतातून डॉक्टरीण आली. पायडल मारत नव्हती. वेग घेतलेला होता. मी दोन्ही हात वर करून ओरडलो. तिने हसून एक हात सोडून मला हलवला, आणि त्याच एका हातावर नदीत गेली. पाणी केवढं उडालं! तिच्यामागे पाहुणे, एकामागोमाग एक, सगळे सूचना तंतोतंत पाळणारे. आयुष्यभर मी सूचना लिहिल्या; लोकांनी त्या वाचून तशा पाळल्या, हे पहिल्यांदा आज.

सर्वांत शेवटी ही. मागे कुणी राहू नये म्हणून ती नेहमी शेवटी असते. तिने ब्रेक लावला, पाटीजवळ उतरली, पाटी वाचली. वाचायला लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ वाचली. मग पाण्यातल्या माणसांवरून माझ्याकडे बघितलं. मी अजून हात वर करून उभा होतो.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरणीच्या मनगटाचं हाड मोडलं. उजवं. बाकी सगळे नुसते भिजले. एका पाहुण्याला बुटांचे पैसे भरून हवेत. दुसरा म्हणतो, असा थरार आधी कळवायला हवा होता, त्याने बायकोलाही आणलं असतं.

हिला समजावून सांगितलं. शब्दकोश काढून पान दाखवलं. उतार: एक, खाली जाणारी जमीन. दोन, ताप वा पूर ओसरणे. तीन, नदी पायी ओलांडता येते ती जागा. "तीन नंबरला आहे," मी म्हणालो. "सामान्य वाचक पहिल्या अर्थावर थांबतो. शब्दच दगाबाज आहे. उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की उतार मिळतो, वाळू हलली की सरकतो. मामा अगदी बरोबर होते, फक्त—"

"तू गेलाच नव्हतास?"

"या शब्दाला मुळात—"

"शब्दाचं नाही विचारलं."

मी शब्दकोश मिटला.

"सायकलही शिकला नाहीस."

यावर शब्दकोशात काही सापडण्यासारखं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

घरात शांतता आहे. 'चल ना' बंद, 'शिकवते' बंद. मी मागत होतो तेच मिळालं, वेगळं काही नाही.

आणखी एक सुधारणा. ही मला चक्क 'तुम्ही' म्हणू लागली आहे. "तुम्ही जेवून घ्या." "तुमचा चहा ठेवलाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, 'अरे तू'च्या वर कधी गेलो नव्हतो. नदीकाठी माझ्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी जाणवलं असावं.

१ मार्च

हाताला प्लास्टर घालून डॉक्टरीण आली. दवाखाना दीड महिना बंद. भरून द्यायला माझ्याकडे काही नाही. माझा एक दात दुखतो, तो दाखवू का म्हणालो, तर म्हणाली, डाव्या हाताने काढते.

बोलता बोलता मी हिचं 'तुम्ही' सांगितलं. जरा मिरवूनच.

डॉक्टरणीचं हसू गेलं. "भावोजी, ती बँकेत खिडकीवर होती तेव्हा मी बघितलंय. ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांशी घरच्यासारखं बोलायची. फक्त कुणी खोटी सही करून आला की त्याला 'तुम्ही' म्हणायची. 'तुम्ही बसा. तुम्ही पाणी घ्या.' मग पोलीस यायचे."

चहा अर्धा राहिला.

परवानगीचं: साहेबांनी रद्द करायची तयारी केली होती. हिने त्यांच्यासमोर सगळा दोष स्वतःवर घेतला. पाटी मी तपासायला हवी होती, म्हणाली. माझा उल्लेखही नाही. शेवटी साहेब एवढ्यावर आले की प्रत्येक सहलीला त्या पाण्याशी एक जबाबदार प्रौढ व्यक्ती उभी पाहिजे. नसली तर परवानगी गेली. हे सगळं मला डॉक्टरणीकडून कळलं. ही घरात असं काही बोलत नाही. 'तुम्ही' म्हणून जे सांगता येतं तेवढंच सांगते.

४ मार्च

चालत गेलो. भराव, शेतं, गवत, उतार. कुत्रं होतं. पाय हुंगून झोपी गेलं. माझ्याबद्दल त्याचं काही मतच नव्हतं.

पॅन्ट वर करून पाण्यात उतरलो. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मध्ये एका जागी गुडघा भिजतो. तिथे दगडाला शेवाळ आहे, पाय डावीकडे टाकावा लागतो. फोनवर हे कुणी सांगितलं नसतं, आणि मी विचारलंही नसतं. पाटी उपटून पालथी ठेवली.

घरी येऊन हिला म्हणालो, "आज जाऊन आलो. चालत."

"बरं," ही म्हणाली.

"खरंच गेलो होतो. बूट बघ, चिखल."

"चिखल अंगणातही आहे."

तिचं बरोबर आहे. अंगणात आहे.

९ मार्च

पुन्हा गेलो. पाटीसाठी नवा मजकूर जागेवर बसूनच केला: 'पुढे नदी आहे. सायकलवरून उतरा. सायकल हाताने धरून चालत जा. मधला दगड निसरडा आहे, डावीकडून जा.' विनोद एकही नाही. हिला कागद दिला. तिने पेन घेतलं, खाली आणलं, आणि काही न खोडता परत दिला.

"मी उभा राहीन तिथे," मी म्हणालो. "प्रौढ आहे. जबाबदारचं बघता येईल."

"तुम्हाला जमेल तसं," ही म्हणाली.

१५ मार्च

दुसरी सहल.

उजाडल्यावर निघालो, पाहुण्यांच्या आधी पोचलो. तोवर मामा पलीकडे खुर्ची टाकून बसले होते आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मला पाण्यात कसं उभं राहायचं ते शिकवत होते.

"जावईबापू! पाय फाकवा! पंप आहात का तुम्ही, असे ताठ!"

पाहुणे आले. पाटीशी थांबले, वाचली, उतरले. मी मधल्या दगडाशी उभा. "डावीकडे, काकू. हां. सायकल माझ्याकडे द्या." एकेकाची सायकल धरून पलीकडे लावली. एकाने विचारलं, मागच्या सहलीत उडी होती म्हणतात, ती बंद केली का? म्हटलं, तो खेळ आता होत नाही, कलाकार आजारी आहे.

सर्वांत मागे ही. पाहुण्यांच्या पिशव्या वाहायची लांब, जड सायकल आज तिच्याकडे होती. हँडल एका बाजूने मी धरलं, एका बाजूने तिने. दगडाशी मी काही न बोलता डावीकडे झालो. ती पण झाली. पलीकडे पोचेपर्यंत कुणी बोललं नाही, मामा सोडून.

काठावर डॉक्टरीण मोटार घेऊन हजर होती. गिअर तिचा भाऊ टाकत होता, सूचना ती देत होती. पिशव्या मोटारीत गेल्या. पाहुणे नदीकाठच्या वाटेने पुढे लागले. मी पायमोजे पिळत बसलो.

"मोटार कुठे लावलीत?" हिने विचारलं.

"आणली नाही."

"मग कसे आलात?"

"चालत. भरावावरून."

"हमरस्त्याने मोटार इथपर्यंत येते."

"येते. पेट्रोल महाग झालंय." मग बूट चढवता चढवता म्हणालो, "इकडे मी चालतच येतो. चार तारखेपासून."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. बुटांच्या मागे दोन्ही टाचांना फोड आले होते, एक फुटला होता. अंगणातल्या चिखलाने तसं होत नाही.

"आता परत चालत जाणार?"

"हो. घरी बघायला हवं."

"घरी काय आहे बघायला?"

मी विचार केला. खरंच काही नव्हतं.

तिने ती लांब सायकल वळवून माझ्यासमोर आणली, एक पाय जमिनीवर टेकवला. मागे पिशव्यांची फळी रिकामी होती.

"बस."

"ही सामानाची आहे."

"तू काय आहेस? बस."

बसलो. पाय कुठे ठेवायचे ते सांगणारी पुस्तिका नव्हती, हवेत धरले. ती उठून उभी राहिली आणि पूर्ण जोर लावून पहिलं पायडल दाबलं. सायकल लडबडली, वाळूत रुतली, निघाली. मी म्हणालो, माझ्या अंदाजाने मागच्या चाकात हवा कमी आहे. ती म्हणाली, बोलू नकोस, तोल जातो. मी म्हणालो, खड्डा. ती म्हणाली, दिसतो. खड्डा आलाच. फळीला गादी नाही हे मी कळवणार होतो, पण तिच्या मानेवर घाम आला होता, म्हणून राहिलो. कशाला धरावं कळेना. "मला धर," ती समोर बघत म्हणाली. धरलं.

वाट नदीला चिकटून जाते. मोटारीतून हा भाग दिसला नसता; इथे मोटारच येत नाही. आवाज म्हणजे पाण्याचा, चेनचा आणि हिच्या श्वासाचा. वाटेत फोटो काढायला थांबलेली एक मुलगी आम्हाला गाठून बरोबरीने चालवू लागली. शहरातली, तिच्यावर सगळी झगमगती उपकरणं. तिने माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"काका, तुम्हाला सायकल येत नाही?"

माझ्याकडे चार उत्तरं तयार होती. त्यातली दोन तर फारच चांगली होती.

"नाही," मी म्हणालो.

मुलगी पुढे गेली. माझ्या हाताखाली हिची पाठ हलायला लागली. वाटलं, चढ लागला, दमली. उतरतो म्हणालो. पण वाट सपाट होती, आणि ती हसत होती. इतकी, की हँडल दोन्हीकडे गेलं आणि आम्ही गवतातून जाऊन पुन्हा वाटेवर आलो.